राखाडी काडतुसाचा पिवळा पट्टा

श्रूजबरीच्या मराठी मंडळात नवीन आलेल्या माणसाला कृष्णा खांबेटे कोण हे सांगायचं असेल, तर लोक संक्रांतीच्या हळदीकुंकवाची गोष्ट सांगतात. तिच्या नवऱ्याला, सत्यजितला, जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, बाहेर गुडघाभर बर्फ, आत पैठण्या. प्रीता नावाची एक तरुण मुलगी तबक घेऊन एकेकीच्या कपाळाला बोट लावत येत होती. कृष्णापाशी ती थबकली आणि नजर चुकवून पुढच्या खुर्चीकडे वळली. पोर वाईट नव्हती. पुण्यात आईने जे शिकवलं, तेच तिने मॅसॅच्युसेट्समध्ये केलं. कृष्णाने बसल्या जागेवरून हात लांब केला, तबकातली हळद घेतली, कुंकू घेतलं आणि आरशाबिरशाशिवाय स्वतःच्या कपाळावर ठसठशीत ओढलं.

"तुझी गडबड चाललीय ना," ती प्रीताला म्हणाली, "म्हणून म्हटलं, मीच घेते."

मग वाणाचा प्लास्टिकचा डबाही तिने मागून घेतला.

त्यावर महिनाभर फोन घणघणत होते. काहीजणी म्हणाल्या, शाब्बास. बऱ्याचजणी म्हणाल्या, अति झालं. गंमत म्हणजे कृष्णा एरवी कुंकू लावतच नसे, नवरा जिवंत असतानाही लावत नव्हती. पण आपण काय लावायचं नाही हे दुसऱ्या कुणी ठरवायचं, हे तिला सोसत नसे. तशी ती पहिल्यापासूनच. सत्यजित म्हणायचा, हिला स्वर्गात नेलं तरी ही दारातच विचारील, रांग कुणी लावली म्हणून.

रंगाशी तिचं भांडण फार जुनं होतं. तिचे वडील सोलापूरला चादरींच्या कारखान्यात सूत रंगवणारे मास्तर होते. दोन लाल रंगांतला फरक पोरीला कळतो की नाही, हे ते ती शाळेत जाण्याआधीपासून बघत. मुलीचं नाव कृष्णा ठेवलं ते नदीवरून, असं ते सांगत. लोक समजायचे रंगावरून. लग्नात उष्टी हळद घेऊन आलेली थोरली नणंद, शोभना, सगळ्या बायकांत म्हणाली होती, "किती चोळाल गं? काळं ते काळंच राहणार." बायका हसल्या. कृष्णाही हसली, कारण तोंडाला हळद फासून पाटावर बसवलेल्या मुलीला दुसरं काही करता येत नाही. पण ते वाक्य तिने खूणगाठ बांधून अमेरिकेपर्यंत आणलं.

अमेरिकेत आल्यावर वर्स्टरजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात तिला काम लागलं, नमुन्याशी रंग जुळवून बघण्याचं. निवृत्त होईपर्यंत तिने तेच केलं आणि ते तिला मनापासून आवडलं. हा पिवळा जरा हिरव्याकडे झुकतोय, परत पाठवा. हा पांढरा पांढरा नाही, परत पाठवा. माणसांना परत पाठवता येत नसे, त्याचा वचपा ती डब्यांवर काढायची.

त्या दिवसांतच एकदा ब्रिमफील्डच्या जुन्या बाजारात सत्यजित जुने रेडिओ धुंडाळत होता आणि कृष्णा कंटाळून पुढच्या टेबलापाशी उभी राहिली. तिथे लाकडी घडवंचीवर वीतभर उंचीची काडतुसं ओळीने उभी होती. काळी, पिवळी, निळी, एकदोघांच्या गळ्याभोवती वेगळ्या रंगाचा पट्टा. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन विमानांच्या तोफांची ती होती, आतली दारू काढून निकामी केलेली. विकणारा म्हातारा बोलका होता. हे रंग शोभेचे नाहीत, तो म्हणाला. काडतुसांची माळ भरणाऱ्या माणसाला धावपळीत बारीक अक्षरं वाचत बसायला वेळ नसतो. कुठलं काडतूस काय करणार हे त्याला नुसत्या रंगावरून कळलं पाहिजे. पिवळं असेल ते फुटतं. निळं आग लावतं. पट्ट्यावरून कळतं की हे जाताना मागे उजेडाची रेघ सोडणार.

"आणि काळं?" कृष्णाने विचारलं.

"काळं पोलाद फोडून आत जातं."

कृष्णा इतक्या मोठ्याने हसली की सत्यजित तिकडून रेडिओ टाकून धावत आला. तिने तिथल्या तिथे पाकीट उघडलं आणि काळं घेतलं.

"घरात रोजचं युद्ध आहेच की," सत्यजित म्हणाला, "आता दारूगोळाही?"

एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, असं करता करता तिच्या दिवाणखान्यात, जिथे इतरांकडे गणपती आणि नातवंडांचे फोटो असतात, तिथे काचेचं एक कपाट झालं. मंडळातला अमित एकदा चहाचा कप हातात धरून त्या कपाटाकडे बघत म्हणाला होता, "काकू, नाझींचं सामान घरात ठेवायचं म्हणजे जरा ऑड नाही का वाटत?"

"वाटतं ना," कृष्णा म्हणाली. "म्हणूनच दात पाडून ठेवलंय."

त्या कपाटात एक काडतूस तिच्या खास मर्जीतलं होतं, आणि ते काळं नव्हतं. ते राखाडी होतं. सरावाचं. ते ना फुटायचं, ना पेटायचं, ना उजेड सोडायचं. शिकाऊ पोरांनी नेम धरायला शिकावं म्हणून बनवलेलं. त्याच्या अंगावर एकही खूण नव्हती, गळ्याभोवती पट्टा नव्हता. सरावाचं म्हणून ते कुणी जपलंही नाही. ज्याला त्याला काळी-पिवळी हवी असत, त्यामुळे मूळ रंगासकट उरलेलं असं राखाडी त्या भागात कुणाकडे नव्हतं. रंगाचा मात्र अगदी खडू झाला होता. ओला बोळा फिरवला असता तर बोळ्याबरोबर रंगच निघून आला असता, म्हणून कृष्णा त्याला मऊ ब्रशशिवाय कशाने शिवत नसे.

काडतुसं जमवणाऱ्यांचा एक लहानसा क्लब होता. वर्षातून एकदा, पानगळीच्या दिवसांत, त्यांचं प्रदर्शन एका चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये भरे, आणि सगळ्यांत चांगल्या टेबलाला बक्षीस मिळे. क्लबात सगळे पुरुष, बहुतेक पांढऱ्या केसांचे, आणि त्यांत ही एक. ह्या सगळ्यांचा पंच राल्फ. आयुष्यभर घरोघर पत्रं टाकून निवृत्त झालेला, काटकुळा, नियमाचा पक्का. क्लबातल्या एकाने पूर्वी किंमत वाढावी म्हणून साध्या काडतुसांवर स्वतः पट्टे रंगवले होते. राल्फने ते पकडलं, भर प्रदर्शनात त्याचं टेबल रिकामं करायला लावलं आणि त्याला क्लबातून काढलं. त्या माणसाच्या खऱ्या काडतुसांनाही नंतर कुणी हात लावला नाही. एकदा माणूस खोटा ठरला की त्याचं सगळं कपाट खोटं.

कृष्णाला कित्येक वर्षं दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलाच्या कोपऱ्यावर जागा मिळायची. ती दरवर्षी भांडायची. गेल्या वर्षी राल्फने भिंग लावून तिचं राखाडी काडतूस फिरवून फिरवून बघितलं आणि मग म्हणाला, पुढच्या वर्षी तुझं स्वतःचं टेबल. ते टेबल ह्या ऑक्टोबरात मिळणार होतं. कृष्णाने त्यासाठी निळ्या मखमलीचं कापड आणून हातशिलाईने कडा घातल्या, प्रत्येक काडतुसापुढे ठेवायची कार्डं लिहिली: रंग कुठला, त्याचा अर्थ काय. सत्तरी ओलांडलेल्या बाईने लहान मुलीसारखा हरखून जाऊ नये असं कुठे लिहिलेलं नाही, आणि लिहिलेलं असतं तरी तिने मानलं नसतं.

नेमक्या त्याच ऑक्टोबरात शोभनावन्सं पुण्याहून राहायला आल्या. लग्नातल्या हळदीच्या त्याच. आता ऐंशीच्या घरात, कमरेत वाकलेल्या, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. धाकटा भाऊ परदेशात वारला आणि शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही, त्याचं घर तरी एकदा डोळ्यांनी बघते, म्हणून त्या आल्या होत्या. कृष्णाने त्यांना वरची उन्हाची खोली दिली, गरम मोजे आणले, आणि दिवसातून चार वेळा चहा करून दिला. पण दोघींचं बोलणं चहापलीकडे जात नसे. एका म्यानात दोन तलवारी, दुसरं काय.

खंडेनवमीच्या दिवशी कृष्णा दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. खंडेनवमी म्हणजे घरातल्या हत्यारा-अवजारांच्या पूजेचा दिवस. वन्संनी विचार केला, हिच्या घरी तर कपाटभर शस्त्रं, आणि पूजा नाही? त्यांनी पाट मांडला. कात्री ठेवली, विळी नव्हती म्हणून सुरी ठेवली, सत्यजितचा स्क्रूड्रायव्हर ठेवला, आणि कपाट उघडून काडतुसं एकेक करून अलगद आणली. हळद कालवली. शेजारच्या अंगणातली, झेंडूसारखी दिसतात म्हणून, कसलीशी केशरी फुलं तोडून आणली, तीही न विचारता.

कृष्णा अर्धा जबडा बधिर झालेल्या अवस्थेत घरात शिरली आणि दारातच उभी राहिली. उदबत्ती जळत होती. काळ्या-पिवळ्या-निळ्या काडतुसांना वन्संनी हळद लावली नव्हती. त्यांच्यापुढे पाटावरच हळदीकुंकवाची बोटं ओढली होती. पण राखाडीच्या गळ्याभोवती, बोटाने फिरवून, ओल्या हळदीचा एक नीट गोल पिवळा पट्टा होता.

"वन्सं, हे काय केलंत?"

"पूजा केली. घरात शस्त्रं आहेत आणि आजच्या दिवशी तशीच ठेवायची होय?"

"पण ह्याला हा पट्टा कुणी ओढायला सांगितला?"

"सगळ्यांच्या अंगावर काही ना काही रंगरंगोटी होती. ह्याच्यावरच नव्हती. मला बरं दिसेना."

कृष्णाने ब्रश आणला. वाळलेली पूड झटकली गेली, पण हळद ती हळद. खडूसारखा तो जुना रंग ती कधीच पिऊन बसला होता. राखाडी गळ्यावर पिवळा पट्टा तसाच राहिला, आणि इतका सरळ की मुद्दाम रंगवलेलाच वाटावा. कृष्णाला रडू आलं, आणि रडू आलं याचा आणखी राग आला.

"हळद कुणाला आणि कशी लावायची ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे," ती म्हणाली. "माझ्या लग्नापासून बघतेय मी."

वन्सं पाटावरची फुलं गोळा करत होत्या. "काय म्हणाले होते मी तेव्हा?"

कृष्णाने सांगितलं. अक्षरशः, त्यांच्याच सुरात.

वन्संनी हातातली फुलं पाटावर ठेवली. "असेन म्हणाले," त्या एवढंच म्हणाल्या, आणि कठड्याला धरून जिना चढून वर गेल्या.

कृष्णाची मुलगी इशिता बॉस्टनला राहायची. प्रदर्शनाच्या दिवशी ती गाडी घेऊन आली, काडतूस बघितलं आणि म्हणाली, "मॉम, डोन्ट टेक दॅट वन. सीरियसली. राल्फ विल लूज हिज माइंड."

"घरी ठेवायचं म्हणजे लपवायचं," कृष्णा म्हणाली. "आणि लपवायचं म्हणजे आपण काहीतरी केलंय असं कबूल करायचं. मी काय केलंय?"

"आत्याने केलंय."

"आत्या माझ्या घरात राहते."

हे उत्तर इशिताला पटलं नाही. खरं म्हणजे कृष्णालाही ते पुरतं पटलं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं होतं. वन्संनाही बरोबर घ्यावं लागलं, कारण अनोळखी घरात एकट्या राहायला त्या तयार नव्हत्या. नऊवारी, त्यावर सत्यजितचा जुना ओव्हरकोट, पायात इशिताचे जुने बूट, अशा थाटात त्या चर्चच्या तळघरात उतरल्या आणि टेबलामागच्या घडीच्या खुर्चीवर पर्स मांडीवर धरून बसल्या.

टेबल सुंदर दिसत होतं. निळी मखमल, पांढरी कार्डं, काळं अगदी मध्यभागी. राखाडी एका कडेला, पण पुढच्या ओळीत. कृष्णाने ते मागे ठेवलं नाही. त्याच्या कार्डावर जुनीच ओळ होती: राखाडी, सरावाचं, खूण नाही. ती ओळ आता खोटी झाली होती हे तिला दिसत होतं. नवं काय लिहायचं ते सुचलं नव्हतं, म्हणून तिने कार्ड पालथं घालून ठेवलं होतं.

राल्फ भिंग घेऊन आला. काळं बघितलं, निळं बघितलं, मान हलवली. मग राखाडीपाशी आला आणि त्याचा चेहरा बदलला. त्याने कार्ड उलटून वाचलं. पुन्हा काडतुसाकडे पाहिलं.

"हा पट्टा गेल्या वर्षी नव्हता," तो म्हणाला. हळू बोलायची त्याला सवयच नव्हती. "राखाडी अंगावर असा पिवळा पट्टा माझ्या कुठल्याही तक्त्यात नाही. आणि हा ताजा आहे, कृष्णा. हा रंग कुणी दिला?"

शेजारच्या टेबलांवरचं बोलणं थांबलं. दोघे-तिघे जवळ सरकले. त्यांतल्या एकाने तिचं पिवळं काडतूस उचलून उजेडात धरलं, मग निळं, जणू आता तीही तपासायला हवीत. कृष्णाला कळलं की हे असंच सुरू होतं. आज एक पट्टा खोटा, उद्या सगळं कपाट खोटं, परवा ती स्वतः. मखमलीचं टेबल रिकामं करून, खोका छातीशी धरून ती जिना चढतेय, आणि मागे सगळे बघताहेत, हे तिच्या डोळ्यांपुढे आलं.

इशिता कानाशी कुजबुजली, "मॉम, जस्ट टेल देम. आत्या डिडन्ट नो एनी बेटर. दे'ल लाफ अँड इट्स ओव्हर."

आणि ते खरं होतं, तोच तर घोटाळा होता. एक वाक्य पुरे होतं. माझी नणंद हिंदुस्थानातून आलीय, म्हातारी आहे, अडाणी आहे, तिने पूजा केली. सगळे मोकळे हसले असते. राल्फनेही हसून खांद्यावर थोपटलं असतं. ओव्हरकोटातल्या त्या वाकलेल्या बाईकडे सगळ्यांनी दयेने पाहिलं असतं, आणि लग्नाच्या पाटावरचं ते हसणं इतक्या वर्षांनी व्याजासकट फिटलं असतं. कृष्णाच्या जिभेवर ते वाक्य तयार होतं. खोटं कशाला बोलू, क्षणभर तिला त्याची चवही गोड लागली.

मग तिने वन्संकडे पाहिलं. वन्संना इंग्रजी येत नव्हतं, पण चारचौघांत कुणाकडे बोट रोखलं की काय चाललंय ते कळायला इंग्रजी लागत नाही. पर्स छातीशी धरून त्या हसायचा प्रयत्न करत होत्या. कृष्णाने ते हसणं ओळखलं. पाटावर बसलेली मुलगी असंच हसली होती.

"हा रंग नाही," कृष्णा राल्फला म्हणाली. "हळद आहे."

"कसं कळणार?"

"थांब. वन्सं, तुमच्या पर्समध्ये साबण आहे?"

होता. अमेरिकेतल्या पातळ साबणावर वन्संचा विश्वास नव्हता; कपडे धुवायच्या साबणाचा एक तुकडा कागदात गुंडाळून त्या सगळीकडे नेत. कृष्णाने पांढऱ्या रुमालाचं कोरडं टोक पट्ट्यावर मागच्या बाजूला हलकेच घासलं. रुमालावर पिवळा डाग आला. मग तिने रुमालाचं ते टोक पेल्यातल्या पाण्यात बुडवलं आणि त्याला साबण चोळला. डाग बघता बघता तांबडालाल झाला. वरणाचा डाग पडलेली साडी कधी धुतलीय अशा कुठल्याही बाईला हे ठाऊक असतं, पण त्या हॉलमधल्या पुरुषांनी साड्या धुतल्या नव्हत्या. एकाने चक्क शिट्टी वाजवली.

"बरं," राल्फ म्हणाला. रुमाल त्याने नीट बघितला. "रंग नाही. मानलं. पण कुणीतरी लावलंय ना? कुणी?"

त्याच्या आवाजावरून वन्संना प्रश्न कळला. कृष्णा तोंड उघडणार तोच खुर्ची करकरली. वन्सं उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी उजव्या हाताचं बोट वर केलं, शाळेत करतात तसं. नखाच्या कडेला अजून पिवळं होतं.

"मी," त्या मराठीतच म्हणाल्या. "मी लावली. तिने नाही. ह्यांना सांगा, तिचं टेबल काढू नका म्हणावं."

इशिताने हळू आवाजात ते इंग्रजीत सांगितलं. कुणी हसलं नाही. राल्फने घसा खाकरला. तो माणूस दुष्ट नव्हता, नियमाचा होता, आणि नियमाच्या माणसाशी भांडणं दुष्टाशी भांडण्यापेक्षा अवघड.

"मॅडमनी मुद्दाम फसवलं नाही, हे मला कळतंय," तो म्हणाला. "मग सोपं आहे. ते काडतूस टेबलाखाली ठेव. घरी जाऊन पट्टा धुऊन टाक. पुढच्या वर्षी आण."

"धुतलं तर राखाडी रंगही जाईल."

"थोडा जाईल."

"आणि टेबलाखाली मी काही ठेवणार नाही."

"कृष्णा!"

"तू मला इतकी वर्षं काय शिकवलंस, राल्फ?" आता ती भांडायच्या सुरात आली होती, आणि त्या सुरात तिला बरं वाटत होतं. "रंग म्हणजे खूण. कुणीतरी, कुठेतरी, काहीतरी ठरवून ती लावलेली असते, आणि आपण ती वाचायची. त्या माणसाने पट्टे खोटे रंगवले ते का खोटे? कारण तो म्हणाला, हे कारखान्यात लावलेत. मी तसं म्हणत नाही. हा पट्टा श्रूजबरीत लागलाय, ह्याच ऑक्टोबरात, आणि लावणारी इथे उभी आहे. मी तसं लिहीन. तुझ्या इतर कुठल्या काडतुसाचा रंग कुणी दिला, त्याचं नाव तुला ठाऊक आहे का? ह्याचं आहे. हे इथेच राहील, पुढच्या ओळीत. राहणार नसेल तर सगळं टेबल घेऊन जाते मी, पण माझ्या हाताने. तू काढायला लावलंस म्हणून नाही."

राल्फने इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या टेबलावरचा माणूस, ज्याने मघा तिचं निळं उचलून धरलं होतं, त्याने ते परत मखमलीवर ठेवलं आणि सरळ केलं.

"खरं लिहिलंस तर टेबल राहील," राल्फ शेवटी म्हणाला. "खरं कार्ड असलेली वस्तू नकली म्हणता येत नाही. पण बदललेली वस्तू पुढच्या ओळीत ठेवून टेबलाला बक्षीस देता येणार नाही. तुझा नंबर मी वगळतो. काळं आणि बाकीचं पाहता, खरं सांगतो, पहिलं बक्षीस तुझंच होतं."

हे मात्र लागलं. ती ज्या दिवसाची वाट बघत होती तो हाच होता, आणि पहिल्या बक्षिसाची निळी फीत तिने मनातल्या मनात कपाटावर कुठे लावायची तेही ठरवून ठेवलं होतं. तिला वाईट वाटलं, चांगलं सणसणीत वाईट वाटलं.

"ठेव तुझी फीत," ती म्हणाली.

राल्फ कागदावर खूण करून पुढच्या टेबलाकडे गेला. इशिता कॉफी आणायला गेली, म्हणजे डोळे पुसायला गेली. कृष्णा खाली बसली, जुनं कार्ड फाडलं, कोरं कार्ड पुढ्यात घेतलं आणि पेनाचं टोपण काढलं. रंग: राखाडी, सरावाचं. त्याखाली, पट्टा: पिवळा, हळद. लावणार: शोभना, पुणे. इतर कार्डांसारखीच शेवटची ओळ उरली होती, अर्थाची. पिवळं फुटतं, निळं पेटतं, काळं पोलाद फोडतं. ह्याचा काय?

ती अडली. मग तिने मान वर न करता विचारलं, "वन्सं, इथे अर्थ लिहायचाय. तुम्ही पट्टा का ओढलात? खरं सांगा. पूजा होती, ते सोडून."

वन्सं तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. काडतुसाकडे बघत राहिल्या.

"बाकीच्यांच्या अंगावर सगळं होतं," त्या म्हणाल्या. "हेच एक बाजूला उभं, ओकंबोकं. मला त्याच्याकडे बघवेना. मी पण तशीच बसते ना आता, बायकांत गेलं की. तबक आपल्यापाशी येतं आणि पुढे जातं. म्हटलं, कुणीतरी लावायला नको का? लिही. ओकंबोकं राहू नये म्हणून."

कृष्णाने पेन उचललं. तिने लिहिलं. आधी मराठीत लिहिलं, मग त्याखाली इंग्रजीत.

वन्संनी पर्स उघडली. साबणाच्या शेजारी, रुमालाच्या गाठीत, त्यांचा चांदीचा लहानसा करंडा होता. लावायला कुणी नसलं तरी तो त्यांनी टाकला नव्हता. त्यांनी हळदीत बोट बुडवलं आणि कृष्णाच्या कपाळापाशी आणून थांबवलं.

"लावू?" त्यांनी विचारलं. "तेव्हा मी चुकीचं बोलले. रंग तुझा चांगला होता, आणि मला ते दिसत होतं."

"मग बोललात कशाला?"

"तुझ्यावर सगळे खूश होते म्हणून."

कृष्णाने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग कुणापुढे कधी न वाकलेली ती बाई मखमलीच्या टेबलामागे, चर्चच्या तळघरात, हॉलभर पुरुषांच्या देखत पुढे वाकली. वन्संनी हळद लावली, कुंकू लावलं. कृष्णाने करंडा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि वन्संच्या कपाळावर तसंच, जरा जोरातच, लावलं.

तिकडून राल्फ भिंग हातात धरून बघत होता. बघू दे.